दोष आढळला नाही

"मॅडम, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

गाडीत बसल्या बसल्या विद्यार्थ्यानं विचारलं, तशी ती आरसा नीट करता करता थांबली. विद्यार्थी म्हणजे बँकेत नोकरीला असलेले, पन्नाशी उलटलेले, स्टिअरिंग हातात आलं की घामाघूम होणारे गृहस्थ होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी वेळ विचारायला फोन केला होता. तिनं तो उचलला होता, "सकाळी साडेसात, पेट्रोल पंपासमोर," असं स्पष्ट सांगितलंही होतं. त्यांच्यापर्यंत मात्र ह्यातलं अक्षरही पोचलं नव्हतं.

"तीनदा हॅलो म्हणालो. तुम्ही उचललात आणि गप्प! मला वाटलं, मी दुभाजकावर गाडी चढवली त्याचा राग अजून गेला नाही."

"अहो, दुभाजकावर सगळेच चढवतात," ती म्हणाली. "चला, क्लच दाबा."

गाडी शिकवण्याचं काम ती बरीच वर्षं करत होती. तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता आणि तोंडात दोनच शब्द असायचे, 'हळू' आणि 'घाबरू नका'. समोरून ट्रक येत असतानाही तिचा आवाज चढत नसे. लोक तिच्याकडे येत ते ह्या आवाजासाठीच. पण आता तोच आवाज फोनमधून पलीकडे जाईनासा झाला होता. नवीन चौकशीचे फोन येत, ती बोलायला लागे, पलीकडचा माणूस दोनदा हॅलो हॅलो करी आणि ठेवून देई. मग तो दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन करत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

फोन जुना म्हणावा, तर वर्षही झालं नव्हतं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात पाळीवर जायचा. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला. तिच्या हाताला कणीक होती, म्हणून तिनं स्पीकर चालू केला आणि ओट्यावर फोन ठेवूनच बोलली.

"खणखणीत येतंय," नवरा म्हणाला. "उगाच फोनला नावं ठेवू नकोस. तुझ्या त्या बँकवाल्यांचे कान बघायला सांग."

शिवाय एक गोष्ट तिलाही बुचकळ्यात टाकत होती. अण्णांची कधीच तक्रार नव्हती.

अण्णा म्हणजे तिचे वडील. बसनं दोन तासांवरच्या गावात एकटे राहायचे. आई गेल्यापासून ती रोज संध्याकाळी त्यांना फोन करायची, आणि अण्णांचं आपलं व्यवस्थित चालू असायचं. "हो हो. बरं. छान. जेवलो. बरं, ठेवतो." सत्तरी ओलांडली तरी ते दर रविवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. चेंडू बॅटची कड घेऊन गेला की नुसता पॅडला घासून गेला, हे त्यांना कानानं कळतं, असा त्यांचा लौकिक होता. आणि दुसरा लौकिक असा, की एकदा वर केलेलं बोट ते खाली घेत नसत. खेळाडू हातापाया पडला तरी नाही.

फोनचा त्रास वाढत गेला. एक मुलगी तिची वाट बघत भलत्याच कोपऱ्यावर तासभर उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. तेव्हा मात्र तिनं बिल शोधून काढलं आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठलं.

आत गारेगार हवा होती, पांढऱ्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक वैतागलेला जीव. टोकनचा नंबर लागेपर्यंत तिचे दोन धडे बुडाले. काउंटरवरच्या मुलीनं फोन घेतला, स्पीकर चालू केला, शेजारच्या टेबलावरच्या फोनला लावला आणि "हॅलो, हॅलो, चेकिंग" म्हणाली. शेजारच्या टेबलावरून "हॅलो, हॅलो, चेकिंग" ऐकू आलं.

"चालतोय की, मॅडम."

"इथे चालतोय. एरवी नाही चालत."

"कुणाशीच बोलणं होत नाही का?"

"नाही, तसं... वडिलांशी होतं. रोज होतं."

मुलीच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू आलं. "मग नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. फोन खराब असता तर कुणाशीच झालं नसतं ना? एकदा रीसेट करून बघा."

म्हणजे तिनंच स्वतःच्या तोंडानं स्वतःची केस घालवली होती. रीसेट करण्यात तिचे सगळे विद्यार्थी, त्यांच्या वेळा, गाडीचे फोटो असं सगळं धुऊन निघालं. आवाज होता तिथेच होता, म्हणजे कुठेच नव्हता.

मग तिनं हेल्पलाइनला फोन लावला. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, पुन्हा मुख्य यादीसाठी नऊ दाबा. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

तिनं फोन कानाला लावून सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"हॅलो? मॅडम किंवा सर, आपला आवाज येत नाहीये."

"हो ना! हीच तर तक्रार आहे!"

"आपला आवाज येत नसल्यामुळे मी हा कॉल बंद करत आहे. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद."

तिनं पुन्हा लावला. एक, चार, संगीत. ह्या वेळी दुसरा गोड आवाज होता आणि त्यानंही धन्यवाद दिले. तिसऱ्या वेळी ती फोनमध्ये इतक्या मोठ्यांदा ओरडली, की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन "काय झालं हो?" विचारून गेल्या. हेल्पलाइनला तेवढंही ऐकू गेलं नाही.

शेवटी नवऱ्याच्या फोनवरून तक्रार नोंदवली. फोन एक दिवस आमच्याकडे जमा करा, यंत्रावर पूर्ण तपासणी होईल, असं उत्तर मिळालं. शनिवार ठरला.

त्याच शनिवारी अण्णा यायचे होते. तिनं शुक्रवारी संध्याकाळी त्यांना फोन केला. "अण्णा, उद्या येऊ नका. मी दिवसभर बाहेर आहे, ह्याची पण पाळी आहे, घराला कुलूप असेल. पुढच्या शनिवारी या."

"बरं बरं," अण्णा म्हणाले. "छान. ठेवतो."

शनिवारी सकाळी तिनं फोन काउंटरवर दिला. दुपारी मिळेल म्हणाले. दुपारी म्हणाले, तासाभरात. जेवायला जावं तर नंबर जायची भीती, म्हणून ती मशीनमधला कडू चहा पीत बसून राहिली. समोरच्या भिंतीवर एक बाई फोन कानाला लावून जाहिरातीत हसत होती. ती दिवसभर हसत होती. तिचा राग यायला लागला.

संध्याकाळी नंबर पुकारला गेला. फोन एका पारदर्शक पिशवीत होता आणि सोबत छापील कागद. त्यावर एकच ओळ होती: दोष आढळला नाही.

"अहो, पण दोष आहे!"

"मॅडम, मशीनवर टेस्ट झालीय. मशीन खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही म्हणाले मी," मुलगी म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारला.

ती घरी आली ती धुमसतच. दिवस वाया गेला होता, पोटात अन्न नव्हतं, आणि हातात कंपनीनं दिलेलं वेडेपणाचं सर्टिफिकेट होतं. जिना चढून वर आली आणि बघते तर काय, दाराबाहेर शेवटच्या पायरीवर अण्णा बसले होते. शेजारी कापडी पिशवी. मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र.

"अण्णा! तुम्ही? कधीपासून?"

"सकाळच्या बसनं आलो." ते कठड्याला धरून उठले. पाय आखडले होते. "तुला फोन लावला, बंद होता. जावईबापूंनी उचलला नाही."

"छापखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत. पण काल मी तुम्हाला येऊ नका म्हणाले होते! तुम्ही बरं म्हणालात!"

अण्णांनी पिशवी उचलली. ती दार उघडून त्यांना आत घेऊन गेली, पाणी दिलं, पोळी-भाजी गरम केली. दोघंही उपाशी होते. अर्धं जेवण झाल्यावर ते ताटाकडे बघतच म्हणाले, "बाळ, माझे कान गेलेत."

"काय?"

"बरेच दिवस झाले. तुझा फोन येतो, पण तुझा आवाजच येत नाही. एक शब्द नाही. सुरुवातीला एकदोनदा हॅलो केलं मी. मग म्हटलं, तुला कळलं तर जिवाला घोर लावून घेशील. म्हणून आपलं अंदाजानं बोलत होतो. जेवलात का, हे तू विचारणारच. तब्येत विचारणारच. हो, बरं, छान, एवढ्यावर निभत होतं."

तिचा घास हातातच राहिला. रोज संध्याकाळी ती त्यांना काय काय सांगायची! कोण परीक्षेत नापास झालं, नवरा कशावरून चिडला, आईची आठवण कशी आली. ते सगळं कुणीच ऐकलं नव्हतं.

"अण्णा, फोन खराब आहे माझा! तुमचे कान नाही!"

"वाण्याचा फोन येतो, तो कळतो मला. क्लबच्या सेक्रेटरीचा कळतो. पुरुषांचा आवाज जाड असतो. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात. तुझा बारीक आहे." मग ते म्हणाले, "बॅटची कड पण बारीकच वाजते. म्हणून मी गेल्या आठवड्यात क्लबला सांगून टाकलं. आता उभा राहणार नाही. चुकीचा निर्णय देऊन एखाद्या पोराची खेळी फुकट घालवण्यापेक्षा ते बरं."

तिला रडावं की भिंतीवर फोन आपटावा, कळेना. "आत्ता माझं ऐकताय ना? सगळं ऐकताय!"

"समोर ओठ दिसतात."

ती तडक गॅलरीत गेली, दार लावून घेतलं आणि त्यांना फोन लावला. "अण्णा, ऐकू येतंय?" काचेतून तिला दिसत होतं. अण्णा फोन कानाला लावून, डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी शांतपणे मान हलवली. "बघ. नाही येत."

त्यामुळे तिचंही म्हणणं खरं ठरत होतं आणि त्यांचंही. नवरा आल्यावर तिनं त्याच्या फोनवरून बोलून दाखवलं. तेव्हा अण्णांना स्वच्छ ऐकू आलं, पण ते म्हणाले, "आत्ता कान मोकळा आहे. येतं-जातं तसं." मग टेबलावरचा कागद उचलून त्यांनी चष्मा लावला. "आणि हे बघ, कंपनीनंच तपासलंय. दोष नाही म्हणतात. मग दोष कुठे उरला?"

नवऱ्यानं हात टेकले. "तुमच्या घराण्यात कुणी एकदा ठरवलं, की संपलंच," तो तिला म्हणाला.

रविवारी अण्णा रेडिओलाही हात न लावता खिडकीशी बसून राहिले. मैदानाची वेळ झाली तसे दोनदा उठले आणि दोनदा बसले. ते पाहून तिनं सोमवारचे सगळे धडे रद्द केले.

"अण्णा, चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुमच्या कानांचा निकाल लावायला."

सेंटरमध्ये तीच मुलगी, त्याच खुर्च्या. नंबर आल्यावर तिनं कागद काउंटरवर ठेवला आणि ज्यानं तपासणी केली त्यालाच बोलवा म्हणाली. मुलगी म्हणाली, टेक्निशियन बाहेर येत नाहीत. ती म्हणाली, मी आत जाते. मुलगी म्हणाली, कस्टमरना आत जाता येत नाही.

"मग मी इथेच उभी राहते. माझ्या मागे किती लोक आहेत बघा. मी हलणार नाही."

हे ती अगदी तिच्या 'क्लच दाबा'च्या आवाजात म्हणाली, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रांगेतून कुणीतरी "अहो, बोलवा ना त्याला!" म्हटलं. थोड्या वेळानं चष्मा डोक्यावर सरकवलेला एक टेक्निशियन बाहेर आला.

"तुम्ही हा फोन कसा तपासलात?"

"कॉल लावून. स्पीकरवर."

"कानाला लावून बोललात?"

"नाही, मॅडम. कस्टमरचे फोन आम्ही कानाला लावत नाही. स्वच्छतेचा नियम आहे."

तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. ओट्यावर ठेवलेला फोन. काउंटरवर ठेवलेला फोन. "अण्णा, तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा. माझा फोन येईल तो घ्या. ऐकू आलं तर हात वर करा."

अण्णा काचेच्या दाराबाहेर फुटपाथवर गेले आणि स्वतःहून पाठ करून उभे राहिले. ओठ बघून फसवाफसवी नको, एवढ्यासाठी. हा न्याय त्यांच्या हाडीमाशी भिनलेला होता.

तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि हळूच म्हणाली, "अण्णा, ऐकू येतंय का?"

अण्णांचा हात ताडकन वर गेला. बोटासकट.

"आता नीट बघा," ती टेक्निशियनला म्हणाली. तिनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि बोलायला लागली. "अण्णा, मी बोलतेय. अण्णा, हात वर करा. अण्णा, तुमच्या मागून बस येतेय." अण्णांचा हात खालीच. लोक त्यांना वळसा घालून जात होते. ते तसेच खांबासारखे उभे. तिनं पुन्हा स्पीकर लावला, "अण्णा!" म्हटलं, आणि हात पुन्हा वर गेला.

रांगेतले लोक उठून बघायला आले होते. टेक्निशियननं चष्मा डोळ्यांवर आणला. "दोन माईक असतात," तो पुटपुटला. "स्पीकरला वरचा चालतो, कानाला लावला की खालचा. खालचा गेलाय."

"हे बाहेर उभ्या माणसाला सांगा," ती म्हणाली. "माझ्यावर त्यांचा विश्वास नाही."

टेक्निशियन खरंच दारापर्यंत गेला. "काका, फोनचा माईक खराब आहे. तुमचे कान चांगले आहेत." अण्णांनी त्याला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग ते आत येऊन एका पांढऱ्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

आता तरी सुटलो, असं तिला वाटलं, तोवर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पण वॉरंटी काल संपली."

"काल? मी शनिवारी इथे होते! त्याच्याही आधी आले होते!"

"त्या तक्रारी बंद झाल्यात. दोष आढळला नाही म्हणून. आजची तक्रार नवीन धरावी लागेल."

मॅनेजरला बोलावलं. तो गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलणारा माणूस होता. त्याला सगळं समजत होतं, सगळ्याबद्दल वाईट वाटत होतं, पण सिस्टममध्ये बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नव्हती. "एकदा निर्णय झाला, की आमचा नाइलाज असतो, मॅडम."

आणि तिचा ब्रेक निकामी झाला. इतक्या वर्षांत भर रस्त्यात ज्या आवाजात ती कधी कुणावर ओरडली नव्हती, त्या आवाजात ती ओरडली. बुडालेले धडे, गेलेली मुलगी, हेल्पलाइनचे धन्यवाद, दिवसभर जिन्यात बसलेला म्हातारा, सगळं बाहेर आलं. "तुमची ती एक ओळ दाखवून माझे वडील स्वतःला बहिरं म्हणत होते! कळतंय तुम्हाला?" मॅनेजर "मॅडम, प्लीज, आवाज" एवढंच म्हणत राहिला.

तेवढ्यात अण्णा उठून काउंटरपाशी आले. "साहेब," ते म्हणाले, "मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो. एकदा दिलेला निर्णय फिरवायचा नाही. परवापर्यंत म्हणत होतो." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "पण चुकला होता. माझाही आणि तुमचाही. मी फिरवतोय. तुम्ही पण फिरवा."

मॅनेजरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या निम्म्या लोकांनी आपापले फोन त्याच्याकडे रोखून धरले होते. सिस्टममध्ये तक्रार उघडता येत होती, असं थोड्या वेळानं निघालं. पण माईक स्टॉकमध्ये नव्हता. तो यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर तिनं कामापुरता एक जुना बटणांचा फोन वापरला. नवा माईक बसवून आलेल्या फोनच्या काचेवर एक ओरखडा होता. तो आधीपासूनच होता, असं तिला सांगण्यात आलं. ह्या वेळी तिनं फक्त कागदावर सही केली आणि बाहेर पडली.

अण्णांनी त्या सोमवारी संध्याकाळीच क्लबला फोन केला होता. सेक्रेटरी म्हणाला, मोसमभरासाठी दुसरा पंच घेतलाय, तो तरुण आहे, त्याला आता काढता येणार नाही. शाळकरी मुलांचे सामने तेवढे शिल्लक आहेत. अण्णा दोन दिवस फुरंगटून बसले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. "पोरं अपील फार करतात," असं ते आता फोनवर सांगतात. पुष्कळ सांगतात. तिला मध्ये बोलायला जागाच मिळत नाही.

फोन हातात आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बँकवाले गृहस्थ गाडी उलटी घ्यायला शिकत असताना, तिला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. तिनं गाडी कडेला घ्यायला लावली.

"नमस्कार! आमच्या सेवेबद्दल आपलं मत आम्हाला महत्त्वाचं वाटतं," ध्वनिमुद्रित बाई म्हणाली. "आपण किती समाधानी आहात, ते एक ते पाच अंकांत दाबून सांगा."

"ऐका हो बाई," ती म्हणाली, "मला अंक नाही सांगायचा, मला बोलायचंय. तुमचा तो मॅनेजर..."

"क्षमा करा, आपला प्रतिसाद मिळाला नाही. कृपया एक ते पाचपैकी अंक दाबा."

तिनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. बँकवाले घाबरून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते.

"मॅडम, काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाही," ती म्हणाली. तिनं एक दाबला, फोन बंद करून डिकीतल्या पिशवीत टाकायला खाली उतरली, डिकी जरा जास्तच जोरात आपटली आणि परत येऊन बसली. "घ्या. आरशात बघा, आणि सावकाश मागे."